सांध्यात वात आणि अंगात रक्त कमी : जोडदुखण्याच्या खर्चाचा इतिहास

केळदच्या बाजूने पुण्याला यायचे तर आधी वेल्हे, मग विंझर, मार्गासनी, नसरापूर आणि तिथून महामार्गाने स्वारगेट. भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातून यायचे तरी अर्धा दिवस प्रवासातच जातो. या वाटांनी येणाऱ्या बायकांचे कागद मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्या सगळ्यांची मिळून एक गोष्ट सांगतो. ती कोणा एकीची नाही, पण बऱ्याच जणींना आपलीच वाटेल.

वय पंचावन्न-साठ. सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत. मनगटे सुजलेली, गुडघे धरलेले. पाच-सहा वर्षे ‘वात आहे’ म्हणून गोळ्या चालू. पिशवीतून एकेक कागद निघतो : दुखण्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, टॉनिकच्या बाटल्यांची बिले, दोनदा सलाईन लावल्याची चिठ्ठी, गुडघ्याचा एक्स-रे, आणि तळाशी घडी पडलेला रक्ताचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ७.८. त्या आकड्याभोवती कोणीतरी पेनाने गोल केलेला आहे. त्या गोलाचे पुढे काय झाले, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही.

सोबतचा मुलगा म्हणतो, “डॉक्टर, आईच्या वाताचं बघा आधी. रक्ताचं नंतर बघू. दोन्हीला पैसे पुरत नाहीत.”

या ‘नंतर बघू’मध्येच सगळा खर्च दडलेला असतो. वात आणि रक्त ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची दोन वेगळी बिले आहेत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते एकच बिल असते. हे समजायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला. तो प्रवास आज सांगतो. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत, परळला घडला आहे.

गरीब बायकांचा आजार

आपल्या जुन्या वैद्यकाला दोन्ही दुखणी ठाऊक होती. चरकसंहितेत पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या उपचारात लोह व मंडूर, म्हणजे लोखंडाची जुनी कीट, वापरली जाई. आमवाताचे वेगळे वर्णन पुढे ‘माधवनिदान’ या ग्रंथात आले. गावाकडे आजही ‘रक्तपांढरी’ आणि ‘वात’ हे शब्द चालतातच. पण दोन्हींचे अध्याय वेगळे आणि औषधेही वेगळी.

युरोपात आमवाताचे पहिले नीट वर्णन १८०० साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने केले. त्या काळी सांधे सुजले की डॉक्टर ‘गाऊट’ म्हणत, आणि गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या श्रीमंत पुरुषांचा रोग समजला जाई. या डॉक्टरसमोर मात्र रुग्णालयातल्या गरीब बायका होत्या. त्यांचे सांधे वेगळ्या तऱ्हेने सुजत आणि अंगात त्राण राहत नसे. त्याने या आजाराला जे नाव दिले त्याचा अर्थ साधारण ‘अशक्त माणसाचा गाऊट’ असा होतो. मोठे डॉक्टर श्रीमंत रोग्यांकडे लक्ष देतात, म्हणून हा आजार आजवर कोणाच्या नजरेत भरला नसावा, असेही त्याला वाटत होते.

पुढे १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे आजचे नाव सुचवले. नव्या नावातून अशक्तपणा गळाला आणि सांधे तेवढे उरले. पुढची शंभर वर्षे सगळे लक्ष सांध्यांवरच राहिले. केळदहून आलेल्या त्या मुलाच्या बोलण्यातही तेच आहे : वाताचे बघा, अशक्तपणाचे नंतर.

दुखणे थांबले, पोट रक्ताळले

१८७६ साली स्कॉटलंडच्या मॅक्लॅगन या डॉक्टरने विलो झाडाच्या सालीतले द्रव्य सांधेदुखीच्या तापावर वापरून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १८९७ मध्ये जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले आणि १८९९ पासून त्या नावाने विकले जाऊ लागले. विसाव्या शतकात ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशी भावंडे आली. या सगळ्या गोळ्यांचा गुण खरा आहे. दुखणे थांबते, हात चालतो, भाताच्या लावणीच्या दिवसांत बाई चिखलात उभी राहू शकते.

पण ही गोळी दुखणे नेमके कसे थांबवते, हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या नाजूक अस्तराचे रक्षणही करतात. गोळीला सांधा कुठला आणि पोट कुठले हे कळत नाही. ती दोन्हीकडे प्रोस्टाग्लँडिन कमी करते. मग अस्तराला बारीक व्रण पडतात आणि तिथून थोडे थोडे रक्त झिरपत राहते. डोळ्यांना दिसत नाही, पोटही दुखेलच असे नाही. महिनोन्‌महिने असे चालले की शरीरातला लोहाचा साठा संपतो आणि हिमोग्लोबिन खाली येते.

यात आणखी एक भर पडली. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. जगभर चमत्कार म्हणून गाजावाजा झाला. १९५० चे नोबेल हेंच आणि आणखी दोन संशोधकांना मिळाले. पण मोठ्या मात्रेत चालू ठेवल्यावर हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, जंतुसंसर्ग असे दुष्परिणाम दिसू लागले. शिवाय स्टिरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या एकत्र घेतल्या की पोटात रक्तस्रावाचा धोका एकट्या गोळीपेक्षा बराच वाढतो. आजही ‘वाताची पुडी’ किंवा ‘दुखण्याचं इंजेक्शन’ घेऊन दोन दिवसांत खडखडीत बरे वाटले, तर आत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. अशी पुडी वर्षभर घेत असाल तर ती एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

म्हणजे पहिला धडा असा : वाताच्या उपचारानेच रक्त कमी होऊ शकते.

परळची प्रयोगशाळा

आता मुंबईकडे वळू. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो कुटुंबे राबत होती. त्यातल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक, धाप, अंगावर सूज, आणि त्यातच कित्येक जणी दगावत. लोह देऊन उपयोग होत नसे. याचा शोध घ्यायला ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास भारतात आल्या आणि त्यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केले.

हा जंतूंमुळे होणारा आजार असेल का, हे त्यांनी तपासले. मग त्यांचे लक्ष या बायकांच्या ताटाकडे गेले. त्यात पालेभाजी, फळे, दूध, मटण जवळजवळ नव्हते. त्यांनी उंदरांना आणि माकडांना तसाच आहार देऊन पाहिला, त्यांच्यातही रक्तक्षय दिसला. मग यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात ते मार्माइट, देऊन पाहिले. माकडाचे रक्त भरून आले. पुढे तेच रुग्ण बायकांना दिले आणि त्याही सुधारल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. त्या काळी रक्तक्षयावर यकृताचा उपचार नव्याने गाजत होता. त्याच्या तुलनेत यीस्टचा अर्क स्वस्त होता, गिरणीतल्या बाईलाही परवडण्याजोगा.

यीस्टमधला तो गुणकारी घटक बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे काढले गेले आणि त्याला पानावरून ‘फॉलिक ॲसिड’ नाव पडले. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाच्या गोळीत मिळते तेच हे फॉलिक ॲसिड.

एका जीवनसत्त्वातून निघालेले वाताचे औषध

इथून गोष्ट परत सांध्यांकडे येते. आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने १९४० च्या दशकाच्या मध्यास फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले की रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखे पदार्थ दिले तर कर्करोग उलट जोराने वाढतो. मग फॉलिक ॲसिडला अडवणारे औषध दिले तर? सुब्बारावांच्या चमूने तशी औषधे बनवली. १९४८ मध्ये त्यातल्या पहिल्या औषधाने काही मुलांना तात्पुरता का होईना, पण गुण आल्याचे फार्बर यांनी प्रसिद्ध केले. त्याच औषधाचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

१९५१ साली गुबनर या अमेरिकी डॉक्टरांनी या जातीचे औषध अगदी लहान मात्रेत आमवाताच्या रुग्णांना दिले आणि सूज उतरली. पण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी कॉर्टिसोनचे नाव होते, त्यामुळे इकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९८० च्या दशकात नीट चाचण्या झाल्या आणि १९८८ मध्ये अमेरिकेने आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला परवानगी दिली. मधली जवळजवळ पस्तीस वर्षे हातातले स्वस्त औषध पडून राहिले.

आज जगभर आमवाताचा उपचार बहुधा याच औषधाने सुरू होतो. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. म्हणून घ्यायचा वार ठरवा आणि पाकिटावर लिहून ठेवा. गरोदरपणात हे औषध चालत नाही. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते, त्याने तोंड येणे, मळमळ, यकृतावरचा ताण कमी होतो. परळला गिरणीतल्या बायकांसाठी जे शोधले गेले, तेच आज वाताच्या औषधाची राखण करते.

मेथोट्रेक्सेटने रक्तपेशी कमीही होऊ शकतात. म्हणून सुरुवातीला महिन्याने आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करायची असते. “तपासणीचे पैसे वाचवले” असे कोणी सांगते तेव्हा मला धास्ती वाटते.

गडाचा अंबारखाना

आता तिसरे आणि सगळ्यात फसवे कारण. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात येत होती. आमवात, क्षय असे दीर्घकाळ दाह चालू असणारे आजार असले की कुठेही रक्तस्राव नसताना हिमोग्लोबिन उतरते, आणि लोहाच्या गोळ्यांनी ते चढत नाही. शरीरात लोह असते, पण रक्त बनवायला मिळत नाही. हे का होते, याचे उत्तर २००० नंतर मिळाले. यकृतात तयार होणाऱ्या हेपसिडिन या द्रव्याचा शोध लागला आणि दाहामुळे ते वाढते, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले.

तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. गडाला वेढा पडला की किल्लेदार दरवाजे बंद करतो. अंबारखान्यात धान्य असते, पण खालच्या गावात ते उतरत नाही, आणि बाहेरून आलेली गोणही आत घेत नाहीत. शरीरात दाह सुरू झाला की हेपसिडिन तसाच किल्लेदार बनतो. जंतूंच्या हाती लोह लागू नये म्हणून तो साठ्याची दारे लावून घेतो आणि आतड्यातून येणारे लोहही अडवतो. जंतूंच्या हल्ल्यात हे शहाणपण आहे. पण आमवातात बाहेरचा शत्रूच नसतो. शरीर स्वतःच्याच सांध्यांशी लढत असते. वेढा वर्षानुवर्षे उठत नाही आणि गाव उपाशी राहते.

अशा वेळी टॉनिकच्या बाटल्या रिचवणे म्हणजे बंद दरवाज्यापुढे गोणी रचत बसणे. वेढा उठवायला हवा, म्हणजे आमवात नीट आटोक्यात आणायला हवा. तो आला की कितीतरी जणांचे हिमोग्लोबिन टॉनिकशिवायही सुधारते.

पण एक खूणगाठ बांधा. नुसत्या दाहाने हिमोग्लोबिन सहसा नऊ-दहाच्या फार खाली जात नाही. ७.८ दिसले की दुसरे कारण शोधलेच पाहिजे : पोटातला रक्तस्राव, पाळीचा जास्त स्राव, आहारातली लोहाची किंवा बी-१२ ची उणीव, आतड्यातले हूकवर्म, मूत्रपिंडाचा आजार. आणि गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात दाह एवढा नसतोच. त्या आजारात रक्त कमी दिसले तर ते वातामुळे आहे असे म्हणून सोडून देऊ नये.

भिगवणची घरोघर मोजदाद

‘संधिवात हा शहरी, म्हाताऱ्या लोकांचा आजार’ हा समज आपल्याच जिल्ह्यात मोडला गेला. १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढांमध्ये सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. खरा आमवात दर हजारी साधारण पाच जणांना.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला. निम्म्याहून अधिक बायका मुळातच कमी रक्तावर असताना सांधे धरले की दोन्ही दुखणी एकाच अंगात भेटणारच.

अमेरिकेत २००५ च्या सुमारास विम्याच्या नोंदींवरून एक हिशेब मांडला गेला. दीर्घ आजार तोच, पण सोबत रक्तक्षय असेल तर उपचाराचा खर्च ठळकपणे जास्त येतो, असे त्यात दिसले. तपासलेल्या आजारांत आमवातही होता. हा सगळा जास्तीचा खर्च रक्तक्षयामुळेच होतो असे मात्र नाही. ज्याचा आमवात जोरात आहे त्याचे रक्तही जास्त उतरते आणि खर्चही जास्त होतो. म्हणजे उतरलेले हिमोग्लोबिन ही धोक्याची घंटा आहे. घंटेचा आवाज दाबून खर्च कमी होत नाही, ती का वाजते हे पाहावे लागते.

भोर समिती आणि भोर तालुका

भोरचे रुग्ण कधी कधी विचारतात, “भोर समिती म्हणजे आमच्या भोरचीच ना?” नाही. सर जोसेफ भोर या सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेली ती समिती. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते, १९४८ मध्ये ते विलीन झाले. पण समितीच्या १९४६ च्या अहवालातला गाभा भोर-वेल्ह्याला नेमका लागू पडतो : पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार अडू नये आणि दवाखाना लोकांच्या जवळ असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातूनच आली. पुढे मैदानी भागात तीस हजार आणि डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असे प्रमाण ठरले.

त्यानंतर पैशाच्या बाजूने तीन गोष्टी घडल्या. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरची मक्तेदारी सैल केली. तो १९७२ पासून अमलात आला आणि भारतीय कंपन्या स्वस्तात औषधे बनवू लागल्या. म्हणून आज मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिडचा महिन्याचा खर्च बहुधा दोन-तीनशे रुपयांच्या आत बसतो. २००८ पासून जनऔषधी दुकाने सुरू झाली. २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना आली, तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

मग बिल फुगते कुठे? योजनेचा भर दाखल होऊन होणाऱ्या उपचारांवर आहे. दर महिन्याची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी आणि पुण्यापर्यंतचा फेरा बहुतेक वेळा खिशातूनच होतो. त्या फेऱ्यात रुग्णाचा एक खाडा आणि सोबत येणाऱ्याचा एक खाडा. लावणी-कापणीच्या दिवसांत हा खाडा औषधापेक्षा महाग पडतो. म्हणून फेरा टळतो, औषध तुटते आणि दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढले जातात. मग एक दिवस काळी शौच होते, चक्कर येते आणि रुग्णालयात भरती, रक्ताच्या पिशव्या, दुर्बिणीने पोटाची तपासणी. गुडघा बदलायचे ठरले असेल तर रक्त कमी म्हणून तीही शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. दोन-तीनशे रुपयांच्या औषधाने जे आवरले असते त्यासाठी आता गाय विकायची वेळ येते.

मग काय करायचे?

१. सांधेदुखीचा उपचार चालू असेल तर वर्षातून निदान दोनदा हिमोग्लोबिन पाहा. बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : “हे का कमी झालं?”

२. संपूर्ण रक्ततपासणीत पेशींचा आकारही कळतो. लोह कमी असेल तर पेशी लहान, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असेल तर मोठ्या. एवढ्या एका स्वस्त रिपोर्टने पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात. फेरिटिन केले तर लक्षात असू द्या, दाह असताना ते खोटे वाढलेले दिसते. ‘नॉर्मल’ आले म्हणजे लोह पुरेसे आहेच असे नाही.

३. नुसत्या ईएसआरवरून वात वाढला असे ठरवू नका. रक्त कमी असले तरी ईएसआर वाढतो.

४. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, दोन वेगवेगळ्या एकत्र तर कधीच नको. घ्याव्याच लागत असतील तर जेवणानंतर, आणि पोटाच्या रक्षणाची गोळी हवी का हे विचारून. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ती चिकट नसते. शंका असेल तर दाखवाच.

५. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. तासभर आधी किंवा नंतर चहा. लिंबूपाण्यासोबत घेतली तर जास्त अंगी लागते. आम्लपित्ताच्या गोळीबरोबर ती कमी शोषली जाते.

६. बीट आणि खजूर यांच्या भरवशावर राहू नका. नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, हरभऱ्याचा किंवा शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळून. खात असाल तर सुकट, मटण, पावसाळ्यातले खेकडे. अंगणातले खाणे टॉनिकपेक्षा स्वस्त आणि चांगले. भातखाचरात अनवाणी काम असेल तर जंताच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

७. फेरे वाचवा. तज्ज्ञाने औषध ठरवून दिले की मधल्या रक्ततपासण्या वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात होतात का ते विचारा. रिपोर्ट फोनवर पाठवून चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा. पुण्याला यावेच लागले तर एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत.

८. सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे. जुना रिपोर्ट सापडला की नवी तपासणी वाचते.

त्या ७.८ च्या गोलाकडे परत येतो. अशा बाईच्या उपचाराचा क्रम मी असा लावतो : दुखण्याच्या गोळ्या बंद किंवा कमी, पोटाची काळजी, लोहाचा साठा भरणे, आणि त्याच दिवसापासून आमवात आवरायची तयारी. वात आधी की रक्त आधी, हा वाद तिथे उरतच नाही. सहा महिन्यांनी ती बाई स्वतःच्या हाताने भाकरी थापू लागते, टॉनिकची बाटली घरात येत नाही, आणि पुण्याचा फेरा तीन महिन्यांतून एकदा होतो. सगळ्यांचे असेच होते असे म्हणणार नाही. काहींचा आजार चिवट असतो, त्यांना महागडी इंजेक्शनेही लागतात. पण पिशवीतले कागद पाहताना मला दर वेळी वाटते की इतकी वाट पाहायची गरज नव्हती.

तुमच्या घरातल्या वाताच्या रुग्णाचा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आज शोधा. त्यात आकड्याभोवती गोल केलेला असेल, तर तो कशामुळे केला होता हे विचारायला पुढच्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जा. तिथे डॉक्टरांचा सल्ला मोफत आहे.